पोटरी दुखते म्हणून आई-बाबांचं चालणं बंद करू नका: पायाचा रक्तपुरवठा तपासण्याचा आणि चालणं परत मिळवण्याचा क्रम

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा भरते. साठी-सत्तरीतल्या माणसाचं हे दुखणं बहुतेक घरांत ठरलेल्या वाटेनं जातं. आधी तेल, मग कॅल्शियमच्या गोळ्या, मग कमरेचा एमआरआय, आणि शेवटी 'वय झालं आता, फिरायला जाऊ नका' हा घरचाच सल्ला.

पायाच्या धमन्या आत साचलेल्या चरबीच्या थरामुळे अरुंद झाल्या असतील, तर हा शेवटचा सल्ला सगळ्यांत महाग पडतो. रक्त कमी पोचतं म्हणून पोटरी दुखते, दुखते म्हणून चालणं घटतं, चालणं घटलं की पोटरी-मांडीचे स्नायू झडतात. मग जिना, संडास, रिक्षात चढणं एकेक करून सुटत जातं. या काळात दुखणं उलट कमी झाल्यासारखं वाटतं, कारण दुखेपर्यंत चालतंच कोण?

या आजारात चालणं हा उपचारच आहे. पण तो खालच्या क्रमात सहाव्या टप्प्यावर येतो, पहिल्या नाही. काही जण तिथवर पोचतच नाहीत, आणि काही जण पायाला जखम असताना थेट तिथूनच सुरुवात करतात. दोन्हींत नुकसान आहे.

टप्पा १ : आत्ता, या घडीला धोका आहे का?

पुढचं काहीही वाचण्याआधी हे पाहा.

एक पाय काही तासांत थंडगार, पांढुरका पडला, जोरात दुखायला लागला, बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकलेली असू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत हे अधिक घडतं. रक्त साधारण सहा तासांत पुन्हा सुरू झालं नाही तर पाय वाचवणं फार कठीण होतं. १०८ ला फोन करा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. 'सकाळपर्यंत बघू' इथे चालत नाही.

> इशारा: वाट पाहत असताना पाय चोळू नका, शेकू नका, उशीवर उंच ठेवू नका. सैलसर चादर घाला, बस.

दुसरा गट एवढा तातडीचा नाही, पण महिनाभर थांबण्यासारखाही नाही. रात्री आडवं झालं की पाऊल किंवा बोटं दुखतात आणि पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं. दोन आठवडे झाले तरी जखम भरत नाही. बोटाचं टोक काळं पडायला लागलं आहे. यातलं काहीही असेल तर एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा. सहाव्या टप्प्यातला व्यायाम त्यांनी सांगेपर्यंत करू नका.

टप्पा २ : दुखणं नेमकं कशाचं? चार प्रश्न विचारा

'पाय दुखतात का?' असं विचारलं तर उत्तर 'दुखतात की, वय झालंय' एवढंच येतं. प्रश्न नेमके हवेत.

१. कुठे दुखतं? रक्तपुरवठ्याचं दुखणं स्नायूत असतं: बहुधा पोटरीत, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात. गुडघ्याच्या सांध्यात नाही.

२. कधी सुरू होतं? साधारण ठरावीक अंतर चाललं की. चढावर किंवा घाईत असलं तर त्याआधीच.

३. कशानं थांबतं? इथे खरा फरक कळतो. धमनीचं दुखणं नुसतं जागेवर उभं राहिलं तरी काही मिनिटांत जातं. मणक्यातली नस दाबली गेली असेल तर उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. अशी माणसं भाजीच्या गाडीवर किंवा कठड्यावर रेलून उभी राहिलेली दिसतात. व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे फुगलेल्या शिरांचा त्रास असेल तर संध्याकाळी पाय जड होतो, सुजतो, आणि उंच ठेवला की हलका वाटतो.

४. रात्री वांब येतात का? पोटरीत एकदम गोळा येऊन मिनिटभरात सुटत असेल, तर तो बहुतेक वेळा साधा पेटका असतो. टप्पा १ मधली रात्रीची वेदना वेगळी. ती पावलात असते आणि पाय खाली सोडल्याशिवाय जात नाही.

> सर्रास होणारी चूक: 'आमच्या बाबांची पोटरी दुखत नाही, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे.' धमन्या अरुंद असलेल्या अनेक ज्येष्ठांना हे ठरावीक दुखणं जाणवतच नाही. काहींचं चालणं आधीच इतकं कमी असतं की दुखण्याची वेळ येत नाही. मधुमेहानं नसा बधिर झाल्या असतील तर वेदना पोचत नाही.

म्हणून दुखण्याऐवजी सवयीबद्दल विचारा. 'आई, मागच्या दिवाळीला भाजी आणायला कुठपर्यंत जायचीस? आता कोण आणतं?' 'बाबा, देवळात जाताना मध्ये कुठे थांबता का?' पेपर आता वॉचमन वर आणून देतो, दूध घरपोच लावलं, भजनाला जाणं गुडघ्याच्या नावाखाली सुटलं: पायांची ताकद जाते आहे याच्या पहिल्या खुणा अशा असतात. कुणी तक्रार करत नाही, सोय करून घेतं.

टप्पा ३ : पाय उघडे करून बघा

दिवसाउजेडी, दोन्ही पाय एकत्र. मोजे काढून दहा मिनिटं झाल्यावर. गार फरशीवरून चालून आलेल्या पायावरून काही ठरवू नका.

*नजर:* बोटांच्या बेचक्या फाकवून चिखल्या आहेत का पाहा. टाचेच्या भेगा, कुरूप, नखुरडं, तळव्याखाली दडलेला फोड, सगळं बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार आहे का, नडगीवरची त्वचा ताणलेली, चकचकीत, केस गेलेली आहे का तेही पाहा.

*नाडी:* अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली रेष पावलाच्या वरच्या बाजूनं घोट्याकडे न्या. साधारण मध्यावर तर्जनी आणि मधलं बोट अलगद टेकवा. दुसरी जागा घोट्याच्या आतल्या हाडामागे, ते हाड आणि टाचेमागची जाड दोरीसारखी कंडरा यांच्यामधल्या खोबणीत. हाताच्या अंगठ्यानं पाहू नका, स्वतःचीच नाडी लागते. जोर देऊ नका, दाबलं की ठोका नाहीसा होतो. ठोका लागला की तिथे बॉलपेनने ठिपका काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधत बसावं लागत नाही. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी बोटाला लागत नाही, म्हणून दोन्ही जागा पाहिल्याशिवाय घाबरू नका.

*रंग:* जखम किंवा रात्रीची वेदना नसेल तरच हे करा. आडवं झोपवून दोन्ही पाय साधारण ४५ अंश वर धरा, एक-दोन मिनिटं. मग उठवून पाय खाली सोडायला सांगा. सावळ्या पायावर वरची त्वचा फसवते, म्हणून तळवा आणि नखांखालचा रंग पाहा. वर धरल्यावर तळवा फिका पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू गडद लाल-जांभळा झाला, तर रक्तपुरवठा कमी असण्याचा संशय पक्का धरा.

> इशारा: खाली सोडलेल्या पायाचा हा लालपणा पाहून 'बघा, रक्त कसं छान येतंय' असं म्हटलं जातं. तो चांगल्या रक्तपुरवठ्याचा नसून त्याच्या अभावाचा रंग आहे.

टप्पा ४ : योग्य डॉक्टर, योग्य तपासणी

टप्पा २ किंवा ३ मध्ये काही सापडलं, किंवा वय ६५ च्या पुढे आहे, किंवा ५० च्या पुढे आणि सोबत मधुमेह अथवा तंबाखू आहे, तर फिजिशियनला स्पष्ट विचारा: 'पायाच्या धमन्यांसाठी एबीआय करायचा का?' एबीआय म्हणजे घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. सुई नाही, रंगद्रव्य नाही. पट्टा आणि रक्ताचा प्रवाह ऐकवणारं पेनएवढं डॉप्लर यंत्र लागतं.

तयारी: जाण्याआधी बिडी-सिगारेट नाही, लघवी करून घ्या, घोट्यावर चढतील अशा सैल कपड्यांत जा. जिना चढून गेल्या गेल्या मोजायला देऊ नका. पाच-दहा मिनिटं आडवं पडून राहिल्यावरच आकडा खरा येतो.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणात पाहा. उजव्या दंडाचा वरचा रक्तदाब १५०, डाव्याचा १४४. उजव्या पायाच्या दोन धमन्यांत ९६ आणि १०४. पायातला मोठा आकडा घ्या, १०४. दोन दंडांतलाही मोठा, १५०. भागाकार ०.६९. डाव्या पायाचा वेगळा काढायचा. अहवालात एकच आकडा असेल तर कोणत्या पायाचा ते विचारा.

- १.०० ते १.४० : ठीक
- ०.९१ ते ०.९९ : काठावर
- ०.९० किंवा कमी : धमनी अरुंद आहे
- ०.४० च्या खाली : गंभीर
- १.४० च्या वर : हे 'उत्तम' नव्हे

शेवटच्या ओळीवर बरेच जण फसतात. दीर्घ मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की धमनीच्या भिंतीत चुना बसतो, पट्ट्यानं ती दाबली जात नाही आणि आकडा खोटा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबानं भागावं लागतं, तिथे ०.७० किंवा कमी म्हणजे बिघाड. आडवं असताना आकडा ठीक पण चालताना दुखतं, असं असेल तर चालवून पुन्हा मोजतात.

> तपासा: कलर डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी लिहून दिली असेल तर चिठ्ठीवर 'आर्टेरियल' आहे की 'व्हीनस' ते वाचा. एक धमन्यांचा, दुसरा शिरांचा. शिरांचा अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून फाइल बंद झालेले रुग्ण कमी नाहीत.

घरच्या डिजिटल बीपी मशीनचा पट्टा घोट्याला गुंडाळून निष्कर्ष काढू नका. आणि लवचिक पट्टी किंवा दाबाचे मोजे एबीआय कळेपर्यंत घालू नका. सूज शिरांची असेल तर ते उपयोगी, धमनी अरुंद असेल तर आधीच कमी असलेलं रक्त आणखी अडतं.

टप्पा ५ : गोळ्या आणि तंबाखू

धमनी पायात अरुंद झाली असेल तर हृदयाची आणि मेंदूचीही सुरक्षित असेलच असं नाही. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) आणि रक्त गोठू न देणारी गोळी (अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल) देतात ती पाय दुखणं थांबवायला नव्हे, हार्ट अटॅक आणि पक्षाघात टाळायला. 'कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला' म्हणून स्टॅटिन सोडू नका. रिपोर्ट त्या गोळीमुळेच नॉर्मल आहे. दात काढायचा आहे म्हणून रक्ताची गोळी परस्पर बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा.

चालण्याचं अंतर वाढावं म्हणून सिलोस्टॅझोल देतात. ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. हार्ट फेल्युअर असेल तर ती चालत नाही. पूर्वी हृदयाच्या कमजोरीसाठी दवाखान्यात दाखल झाला असाल तर ते आधी सांगा.

तंबाखूबद्दल विचारताना 'तंबाखू खाता का' एवढंच विचारू नका. 'मी कुठे खाते, नुसती मिश्री लावते' असं सांगणाऱ्या आज्या गावोगावी आहेत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच. बिडी, तपकीर, गुटखा सगळं मोजा. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. हे न सोडता पुढचा टप्पा केला तर एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेतल्यासारखं होतं.

टप्पा ६ : चालण्याचा व्यायाम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

*आधी तयारी.* डॉक्टरांना विचारा: हृदयाच्या दृष्टीनं जोरात चाललं तर चालेल ना? छातीत दडपण किंवा दम असेल तर ईसीजी, इको झाल्याशिवाय सुरू करू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर खिशात साखर ठेवा आणि रिकाम्या पोटी निघू नका. पायात सुती मोजे आणि पुढून ऐसपैस बूट, चप्पल नको. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

रस्ता सपाट आणि बसायला जागा असलेला निवडा. सोसायटीच्या आतल्या रस्त्याची फेरी, शाळेचं मैदान, पावसाळ्यात इमारतीचा लांब पॅसेज. मुख्य रस्त्यावर गाड्या चुकवत हा व्यायाम होत नाही.

सुरू करण्यापूर्वी दोन मोजमापं लिहून ठेवा. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला किती सेकंद लागतात? १२ किंवा जास्त लागले तर पायांत ताकद कमी आहे. घरात चार मीटर अंतर टेपनं मोजून नेहमीच्या चालीनं चालायला किती लागतात? पाच सेकंदांच्या वर गेलं तर चाल मंदावली आहे. शेजारी उभे राहा, पडू देऊ नका.

*आता कृती.*

१. पाच मिनिटं रमतगमत चाला.

२. मग वेग असा ठेवा की तीन ते पाच मिनिटांत पोटरी दुखू लागेल. 

३. दुखायला लागताच थांबू नका. शून्य म्हणजे काही नाही आणि पाच म्हणजे सहनच होत नाही असं धरलं, तर तीन-चारपर्यंत जाऊ द्या.

४. मग थांबा किंवा बसा. दुखणं पूर्ण जाईपर्यंत. 'थोडं राहिलंय, चालेल' नको.

५. पुन्हा चाला. असं करत, विश्रांती न धरता निव्वळ चालणं पहिल्या आठवड्यात साधारण १५ मिनिटं.

६. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत ३० ते ४५ मिनिटांवर न्या. आठवड्यातून किमान तीन दिवस, किमान १२ आठवडे.

७. पाच मिनिटांनंतरही दुखत नसेल तर वेग वाढवा. वेळ वाढवून भागत नाही.

वहीतली एक ओळ अशी असावी: 'मंगळवार. पहिलं दुखणं ४ मिनिटांनी, थांबलो ६ व्या मिनिटाला, विश्रांती ३ मिनिटं. एकूण चालणं १८. डावा पाय.' तीन महिन्यांनी डॉक्टरांना यातून जेवढं कळेल तेवढं 'थोडं बरं आहे' यातून कळणार नाही.

> सर्वांत मोठी चूक: दुखणार नाही इतक्या हळू चालणं. २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'लाइट' चाचणीत ३०५ रुग्णांवर हेच तपासलं. वर्षभर दुखणं न होऊ देता हळू चालणाऱ्यांना, व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला नाही. दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं अंतर वाढलं.

'दुखत असताना चाललं तर पाय खराब होईल' ही भीती प्रत्येक घरात निघते. जखम नाही, रात्रीची वेदना नाही आणि डॉक्टरांनी हो म्हटलं आहे, तर या दुखण्यानं पाय बिघडत नाही. ते आई-बाबांना एकदा नाही, दर आठवड्याला सांगावं लागतं. पहिले काही आठवडे फरक दिसत नाही आणि बरेच जण तिथेच सोडतात. सोबत कोणी चालत असेल तर टिकतं. निदान फोन करून 'आज चौथ्या मिनिटाला की पाचव्या?' एवढं तरी विचारा.

गुडघे अजिबात साथ देत नसतील तर बसून पायडल मारण्याचं साधन, किंवा हातांनी फिरवायचं यंत्रही चालतं. हातांच्या व्यायामानंही चालण्याचं अंतर वाढलेलं दिसलं आहे. चालण्याखेरीजच्या दिवशी ओट्याला धरून टाचा वर-खाली, दहा वेळा, आणि खुर्चीवरून उठ-बस. दर महिन्याला वरची दोन मोजमापं पुन्हा घ्या.

> लगेच थांबा: छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, पायावर नवा फोड, किंवा थांबल्यावर दहा मिनिटं झाली तरी न जाणारं दुखणं.

टप्पा ७ : रोजची पावलांची निगा

रक्त कमी पोचणाऱ्या पायाला छोटी जखमही जड जाते. रोज रात्री पाय पाहा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा किंवा मोबाइलनं तळव्याचा फोटो काढा.

करा: कोमट पाण्यानं धुवा, पाणी कोपरानं तपासा, बेचक्या कोरड्या पुसा. टाचांना व्हॅसलीन किंवा साधं मलम, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका. बूट झटकून, आत हात फिरवून मगच घाला.

करू नका: गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, गरम वाळूचा शेक, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. ब्लेडनं कुरूप तासणं, दुकानातली कॉर्न कॅप, जखमेवर हळद-चुना. दुपारच्या तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणं. देवाला मोजे चालतात.

> तपासा: जखम झाली तर तिचा तारखेसह फोटो काढा. तीन-चार दिवसांत लहान होताना दिसली नाही तर दाखवा, आणि तोपर्यंत टप्पा ६ बंद.

टप्पा ८ : अँजिओप्लास्टी कधी?

टप्पा १ मधली रात्रीची वेदना, न भरणारी जखम किंवा काळं बोट असेल, तर रक्तपुरवठा सुरू करणं हेच पहिलं काम. बोट कापायचा सल्ला मिळाला असेल तर आधी विचारा, 'वरची धमनी उघडता येते का ते पाहिलं का?' रक्त न आणता नुसतं बोट कापलं तर ती जखमही भरत नाही.

फक्त चालताना दुखत असेल तर घाई नको. तीन महिने गोळ्या आणि चालणं नीट करूनही रोजची कामं अडत असतील, तेव्हा अँजिओप्लास्टीचा विचार करा. सीटी अँजिओग्राफीआधी (रंगद्रव्य देऊन धमन्यांचा स्कॅन) क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्तचाचणी करून घ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. ही प्रक्रिया त्यात किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरवण्याआधी विचारा, नंतर नाही.

स्टेंट किंवा बायपास झाल्यावर गोळ्यांची नवी यादी लिहून घ्या, एबीआय पुन्हा कधी करायचा ती तारीख घ्या, आणि चालणं कोणत्या दिवसापासून सुरू करायचं ते सर्जनला विचारूनच घरी या. वही तीच चालेल. नव्या पानावर पाच उठ-बशींचे सेकंद पुन्हा लिहा.